वाडीच्या जीपचे पाटे

८ सप्टेंबर, सोमवार

काल बोरीच्या वाडीहून उतरताना जीपचा मागचा डावा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी पात्यांची स्प्रिंग, तुटला. नाल्याच्या वरच्या वळणावर खाडकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. शेजारी सुरेखा सिस्टर होत्या, लसींचा डबा मांडीवर घेऊन. "सर, चाक गेलं का?" म्हणाल्या. चाक नव्हतं गेलं. पाट्याची मुख्य पट्टी मधोमध दुभंगली होती. वाडीतल्या दोघांनी ऐनाच्या फांदीचा ठोकळा तासून दिला, तो आत ठोकून वरून दोर आवळला आणि तासाभराच्या रस्त्याला तीन तास लावत कुंभिवलीला नवनाथच्या गॅरेजात गाडी आणून टाकली.

नवनाथने खाली वाकून पाहिलं. "दोन्ही बाजूचे पाटे थकलेत सर. शॉकअप तर चारीच्या चारी मेलेत. एकेक बदलत बसू नका. सगळं एकदम करू."

मी म्हटलं, करू. पण नीट विचार करून.

वाटेत सिस्टर म्हणाल्या ते लिहून ठेवतो. वाडीतल्या कमळ्याच्या बायकोला, भागीला, आठवा संपत आलाय. पायांवर सूज आहे, रक्तदाब चढलेला आहे. चार किलोमीटर चालत उतरणं तिला आता जमणार नाही, आणि ॲम्ब्युलन्स डांबर संपतं तिथवरच येते. "तुमची गाडी तयार पायजे सर. या महिन्यात कधीही लागेल."

मी बरं म्हटलं. भागीचं नाव आल्यावर मी रस्त्याकडेच बघत होतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर कुंभिवलीला गेलो. जीप ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली.

नवनाथने तीन पर्याय सांगितले. एक, सात पात्यांचे जड पाटे. माल वाहणाऱ्या गाड्यांना घालतात तसे. तुटायचे नाहीत, पण रिकाम्या गाडीला उडवतात. दोन, तीन पात्यांचे मऊ पाटे. बसणाऱ्याला सुख, पण चढावर गाडी भरली की बूड दगडाला घासतं. तीन, मुंबईचे हौशी लोक घालतात तो उंच संच, गॅसच्या शॉकअपसकट. तो दिसायला रुबाबदार.

"यातला चांगला कुठला?"

"चांगला असं काय नसतं सर. गाडीत बसणार कोण ते सांगा, मग मी पाटे सांगतो."

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. खरं तर प्रश्न सोपा होता. वह्या, औषधं, सिस्टर, असं मी म्हणू शकलो असतो. ते तोंडातून आलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नववीच्या तासाला स्प्रिंगचाच प्रयोग घेतला. स्टँडला स्प्रिंग टांगून वजनं लावली. वजन दुप्पट केलं की ताण दुप्पट. पोरांनी आलेख काढले. मग मी एका स्प्रिंगला वजन लावून सोडलं आणि किती वेळ वरखाली होत राहतं ते मोजायला लावलं. हेच वजन पाण्यात बुडवून सोडलं, तर दोन हेलकाव्यांत शांत. शॉकअपचं काम तेच. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप उसळी आवरतो.

तास संपला तरी मी वजनं लावत होतो. शिपाई दार लावायला आला तेव्हा भान आलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज सकाळी कमळ्या दहिवलीला घरी आला. चालत उतरला आणि पळसदरीपासून टमटमने. पिशवीत रानातल्या मोठाल्या काकड्या. आत ये म्हटलं तरी आला नाही, पायरीवरच बसला.

"गाडी बनली का सर?"

"चाललंय काम."

"हां." माझ्या बायकोने, तनयाने, चहा दिला तो प्याला. मला वाटलं आता बोलेल. बोलला नाही. उठताना माझ्याकडे नुसता पाहून म्हणाला, "तुमी या मंजे झालं."

ती नजर मला कळते. गेल्या वर्षीचं तो विसरलेला नाही. विसरावं अशी अपेक्षाही नाही माझी. काकड्या आणल्या त्याही मला ओझ्यासारख्या वाटल्या. ज्याच्यावर राग आहे त्यालाही ही माणसं रिकाम्या हाताने भेटत नाहीत.

तनयाला हे बोललो, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, तो बायकोची काळजी घेऊन आला होता. तुला विचारायला आला होता." मग म्हणाली, "आपण भागीला आत्ताच खाली आणू. महिनाभर आपल्याकडे राहील. माडीवरची खोली रिकामीच आहे. सिस्टरांशी मी बोलते."

विचार चांगला आहे. गाडी झाली की लगेच आणू, म्हटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सिस्टरांचा फोन. भागी आधी यायला तयार नव्हती, लोकांच्या घरी कशी राहू म्हणत होती. तनया फोनवर तिच्याशी पंधरा मिनिटं बोलली. काय बोलली ठाऊक नाही, पण भागी हो म्हणाली. आता गाडी तेवढी हवी.

नवनाथला सात पात्यांचे पाटे घालायला सांगितले. मजबूत असलेलं बरं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सुट्टी होती. पाटे बसले होते. नवनाथ म्हणाला, चक्कर मारून बघा. मी म्हटलं, चालव तू, मी मागे झोपतो.

"झोपता?"

"झोपतो."

मागच्या फळीवर चटई टाकून मी आडवा झालो आणि नवनाथने गाडी जुन्या खडीच्या खाणीकडे नेली. तीनशे मीटरही गेलो नसू. पाठीचा कणा एकेक मणका मोजून घेतोय असं वाटलं. एका खड्ड्यात मी पुरता वीतभर उडालो. डोळे मिटले होते. मिटायला नको होते. मी फळीवर हात आपटून थांब म्हणालो.

नवनाथ मागे आला, माझ्याकडे बघून पाण्याची बाटली पुढे केली. "सर, रिकामी गाडी हाय. एका माणसाच्या वजनाला हे पाटे वाकतच नायत."

"काढ हे."

"पाच पात्यांवर आणू का? दोन कमी करतो."

"काढच. मऊ घाल."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मऊ पाटे बसले. पुन्हा मी मागे झोपलो, या वेळी नवनाथसोबत त्याच्याकडचे चार कारागीरही बसवले. पाठीला आराम होता, पण नाल्यासारख्या एका घळीत गाडीचं बूड असं आदळलं की गाडी तिथेच अडकली. वाडीचा चढ याहून दुप्पट.

"हेही काढ."

नवनाथने पाना खाली ठेवला. शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही. "सर, रस्ता मऊ करणारा पाटा अजून कोनी बनवला नाय. तुमी कुठला शोधताय?"

उंच संचाची चौकशी करायला सांगून आलो.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारभर वहीत पाट्यांचे तक्ते मांडले. मग ते फाडले. इथे लिहायचं ते लिहितोच आता.

गेल्या वर्षी १९ जुलै. भागीचं पहिलं बाळंतपण. सकाळी वाडीतून तिला घेऊन निघालो. मागे ती फळीवर आडवी, जवळ फक्त कमळ्याची बहीण जना. गाडी हलकी राहावी, लवकर उतरावी म्हणून बाकी सगळ्यांना मी खाली उतरवलं होतं. मागचा एक शॉकअप तेव्हाच बसलेला होता. तीन आठवडे मला ते माहीत होतं. शाळेचे प्रवेश चालू होते, म्हणून राहिलं. नाल्याच्या वळणावर मागचं चाक दगडावरून उतरलं, गाडी दोनदा-तीनदा उसळली आणि भागी ओरडली. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पुढचा सगळा रस्ता ती गप्प होती.

दवाखान्यात बाळ झालं ते मेलेलंच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निदान आदल्या दिवसापासून तरी ते गेलेलं होतं, सर. प्रवासाचा संबंध नाही." डॉक्टर असं म्हणतातच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

मागाहून पोचलेला कमळ्या कापडात गुंडाळलेलं ते घेऊन बाहेर आला तेव्हा मी दुसऱ्या दाराने निघालो. गाडी दुरुस्तीला न्यायची आहे असं सिस्टरांना सांगितलं. ते वाडीत परत कसे गेले मला माहीत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी वाडीत जातो. वह्या नेतो, पोरांचा अभ्यास घेतो, औषधं पोचवतो. आजारी माणसाला घेऊन मात्र उतरलेलो नाही. तशी वेळच आली नाही.

म्हणून या वेळी पाटे चुकता कामा नयेत. एवढंच आहे. लोकांना हा चोखंदळपणा वाटतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी तनया परडीत माती कालवत होती. मी सहज म्हटलं की उंच संच पुण्याहून यायला आठ दिवस लागतील, आणि तोच घ्यावा असं वाटतंय.

ती हात न धुता उठली.

"गाडी दोन आठवडे ठोकळ्यांवर आहे. भागी कशावर आहे?"

"मी घाई करून पुन्हा—"

"तुला ती गाडी दुरुस्त व्हायलाच नको आहे, अनुपम."

मी म्हटलं, काहीतरीच काय. वर्षभरात एकदाही पेशंट न्यायची वेळ आली नाही, नाहीतर नेलाच असता.

"दोनदा आली होती. वाडीतल्या सखाच्या आईला झोळीतून उतरवलं, आणि मार्चमध्ये त्या साप चावलेल्या पोरीला. दोन्ही वेळा तुझी गाडी गॅरेजात होती. दोन्ही वेळा तू आदल्या दिवशी नेऊन लावली होतीस."

तो योगायोग होता. एकदा ब्रेक होते, एकदा रेडिएटर. तिला गाडीतलं कळत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवनाथचा फोन. त्याने जड पाट्यातली दोन पाती कमी करून पाच पात्यांचे पाटे जुळवलेत, तेलाचे साधे शॉकअप आणलेत. "बसवू का? उद्याला गाडी देतो."

मी नको म्हटलं. पुण्याचा संच येईपर्यंत थांब. तो "बरं" म्हणाला.

सिस्टर सांगत होत्या, भागीचं परवापासून डोकं दुखतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. कालचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर पुसट होईल.

काल सकाळी दहा वाजता दुसऱ्या तासाला फोन वाजला. सुरेखा सिस्टर वाडीतूनच बोलत होत्या. "सर, भागीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. दाब खूप वर गेलाय. झटके येतील. इंजेक्शन दिलंय मी, पण तिला खाली न्यायलाच पायजे. झोळीने तीन तास लागतील, तेवढे नाहीत."

मी म्हणालो, "गाडी नाही." खरंच असं म्हणालो. मागे कुणीतरी बाई रडत होती.

तनयाला फोन केला. ती स्कूटर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. तिच्या मागे बसून कुंभिवलीला पोचलो.

गॅरेजात जीप चारी चाकांवर उभी होती.

"तुमी काल फोनवर नको म्हनालात ते ऐकलं मी," नवनाथ म्हणाला. "केलं नाय तसं. एक मागचा शॉकअप तेवढा जुना हाय, नवा कमी पडला. जाईल तो. चला."

मी चावी हातात घेऊन उभा होतो. नवनाथ जवळ येऊन हळू बोलला. "हे पाटे रिकाम्या गाडीला उडवतील. भरल्या गाडीत बसतील. येताना वजनाला वाळू नको, काय नको, माणसं भरा. सहा-सात तरी. पेशंटला मांडीवर घ्यायला सांगा. आणि मधेच थांबू नका."

तनया आधीच पुढच्या सीटवर चढली होती.

वर जाताना गाडी अक्षरशः नाचली. पाऊण तासात वाडी. भागी झोपडीच्या ओट्यावर कुशीवर होती, चेहरा इतका सुजलेला की मी क्षणभर ओळखलं नाही. मी म्हटलं, जेवढी माणसं मावतील तेवढी चढा. बायका आधी गोंधळल्या. गेल्या वेळी मीच उतरवलं होतं ना सगळ्यांना. तनयाने एकीचा हात धरून वर ओढलं, मग पाच जणी चढल्या. भागीला मांड्यांवर आडवं घेतलं. डोकं जनाच्या मांडीवर. सिस्टर पायाशी. कमळ्या मागच्या फळीला लटकला.

गाडी खाली बसली. ते मला सीटखाली जाणवलं. पाटे वाकले, आणि पहिल्या दगडावरून ती उसळली नाही, नुसती कलंडून सावरली.

नाल्याच्या वळणापाशी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी जवळजवळ उभीच राहिली. पुढे तो दगड दिसत होता. मागून सिस्टर म्हणाल्या, "सर, चला." तनया म्हणाली, "अनुपम." मला ऐकू येत होतं, पण पाय उचलत नव्हता.

मग कमळ्या फळीवरून उतरून माझ्या खिडकीशी आला. "काय झालं सर?"

"गेल्या वेळी इथंच—" मी दगडाकडे बोट दाखवलं. "इथंच माझ्या हातून झालं ते."

तो गोंधळला. खरंच गोंधळला, मी चेहरा बघितला. "तुमच्या हातनं काय झालं?"

"बाळ."

"सर, पोर तर वाडीतच गेलं व्हतं. दोन दिस हाललं नवतं पोटात. भागीला ठाव व्हतं. ती मला बोल्ली, पर आमाला वाटलं खाली नेलं त डाक्टर कायतरी करतीन." त्याने खिडकीच्या काठावर हात ठेवला. "इथं ती वरडली ती कळ आली म्हून. तुमाला आसं वाटत व्हतं? वरीसभर?"

मागून भागीचा आवाज आला. खोल, जड. "बिगी चला सर. मागल्या बारीला तुमी लई हळू नेलं."

मी ब्रेक सोडला.

पुढे काही विशेष घडलं नाही. दगड आला आणि गेला. डांबरावर सिस्टरांनी बोलावलेली ॲम्ब्युलन्स उभी होती. कर्जतच्या दवाखान्यातून लगेच पुढे पाठवलं, आणि इथे पोचल्यावर तिला पहिला झटका आला. चार वाजता ऑपरेशन. मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम, काचेच्या पेटीत आहे. भागी अजून शुद्धीवर नाही.

सकाळी इथले डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर आधी आणलं असतं तर एवढी वेळ आली नसती."

हे वाक्य मी लगेच खरं मानलं. गेल्या वर्षीच्या डॉक्टरबाईंचं मात्र मानलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी चूक नव्हती आणि मी ती वर्षभर उगाळत बसलो. या वर्षी चूक माझीच होती आणि ती करत असताना मी तिला काळजी म्हणत होतो.

२८ सप्टेंबर, रविवार

भागीने डोळे उघडले. आधी पाणी मागितलं, मग पोर. जना मला मिठीच मारायला आली, मग लाजून तनयाला मिठी मारली.

मी कमळ्याला म्हटलं, उशीर माझ्यामुळे झाला. गाडी केव्हाच झाली असती. मीच होऊ देत नव्हतो.

"मला ठाव व्हतं," कमळ्या म्हणाला. "मी आलतो ना घरी. तुमची तब्येत बघाया आलतो. तुमी भेलेले दिसले. म्हून काय बोल्लो नाय."

त्याने रागावायला हवं होतं. मी वाट बघत होतो. तो कँटीनमधून दोन चहा घेऊन आला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज भागीला आणि पोरीला वाडीवर पोचवलं. दोन आठवडे दोघी दवाखान्यात होत्या, मग तीन दिवस आमच्याकडे. सिस्टर म्हणाल्या होत्या अजून चार दिवस आमच्याकडे ठेवा, पण भागीला घरी जायचं होतं. नाचणी कापणीला आलीय, आणि सासूने निरोपावर निरोप पाठवले होते.

नवनाथने चौथा शॉकअप बसवून दिला होता. पुण्याचा संच मी मागवलाच नाही. गाडीत दहिवलीपासून भागी, तनया आणि मी. पळसदरीला बाजार करून परतणारी वाडीतली पाच माणसं भेटली, तीही चढली. पोर तनयाच्या हातात होतं आणि रस्ता संपेपर्यंत तिने ते भागीलाही दिलं नाही.

नाल्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. सगळ्यांना वाटलं काही बिघडलं. मी मागे वळून भागीला विचारलं, "गेल्या वर्षीचं बाळ मुलगा होता की मुलगी?"

मला वाटलं विचारायला नको होतं.

"पोरगा व्हता," भागी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुमी कवातरी पुसाल आसं वाटत व्हतं."

"कुठं ठेवलंत त्याला?"

तिने बोट दाखवलं. रस्त्यापासून पंधरा पावलांवर, उंबराखाली, तीन दगड एकावर एक. दर रविवारी मी इथून जाताना दुसरा गिअर टाकतो. उजवीकडे कधी बघितलं नव्हतं.

मी उतरलो. भागीही उतरली, अजून पोटावर हात धरूनच चालते. कमळ्या वाडीतून खाली येत होता, गाडी उभी बघून धावत आला आणि आम्हाला तिथे बघून हळू झाला. भागीने दगडांवरची सुकी पानं झटकली. मीही वाकून एक-दोन काढली. मग कमळ्या म्हणाला, "चला, पोरीला ऊन लागंल," आणि आम्ही तिघे गाडीकडे परत आलो.